मॉडेलमधील व्हॅलिडेशन (रुबी ऑन रेल्स)

वेब ॲप्लिकेशनमध्ये आलेली माहिती डेटाबेसमध्ये जाण्यापूर्वी ठरलेल्या नियमांत बसते की नाही, हे मॉडेलमध्येच (एका प्रकारच्या नोंदी सांभाळणाऱ्या कोडच्या भागात) तपासण्याची पद्धत. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांचे रुबी भाषेतले रुबी ऑन रेल्स (थोडक्यात रेल्स) हे फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲप्लिकेशन बांधण्याचा तयार सांगाडा, २००४ मध्ये खुले झाले. नाव रिकामे नको, वय हा आकडाच हवा, असे नियम त्यात मॉडेलमध्ये एकेका ओळीत लिहिता येतात.

ब्राउझरमधली जावास्क्रिप्टची तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीची असते. ती कोणीही बंद करू शकतो. शिवाय माहिती फक्त फॉर्ममधून येत नाही. मोबाइल ॲपच्या एपीआयमधून (दोन प्रोग्रॅममधल्या देवाणघेवाणीच्या वाटेतून) येते, तक्त्याच्या सीएसव्ही फाइलमधून येते, कधी प्रोग्रॅमर स्वतः कन्सोलवरून (थेट आज्ञा देण्याच्या खिडकीतून) भरतो. नियम मॉडेलमध्ये असले की या सगळ्या वाटा एकाच तपासणीतून जातात. ‘सेव्ह’ म्हटल्यावर नियम आधी चालतात. एखादा मोडला तर नोंद साठवली जात नाही, उत्तर ‘फॉल्स’ येते आणि मॉडेलच्या ‘एरर्स’मध्ये संदेश जमा होतात. ते उत्तर न पाहता पुढे जाणारा कोड माहिती गुपचूप हरवतो. अशा जागी उद्गारचिन्हाचे ‘सेव्ह’ (save!) वापरावे, ते थेट एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी चूक, देते. जँगो या पायथन भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये मात्र मॉडेलचे ‘सेव्ह’ ही पूर्ण तपासणी आपोआप करत नाही.

ही तपासणी टाळून जाणाऱ्या वाटा रेल्समध्येच आहेत: ‘अपडेट कॉलम’, ‘अपडेट ऑल’, ‘इन्सर्ट ऑल’. एकमेवतेचा नियम तर एकट्याने पुरतच नाही. रेल्स आधी डेटाबेसला विचारते, हा ईमेल आहे का, आणि मग नोंद घालते. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ‘नाही’ असेच उत्तर मिळते आणि एकाच ईमेलची दोन खाती तयार होतात. म्हणून डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा घालू न देणारा डेटाबेसचा स्वतःचा नियम) हवाच. त्याला पर्याय नाही.

मराठी मजकुरासाठी नियम लिहिताना जास्त काळजी लागते. नावात फक्त इंग्रजी अक्षरे चालवणारा नियम देवनागरी नाव सरळ नाकारतो. युनिकोडमधले (सर्व लिप्यांच्या चिन्हांना कोड देणाऱ्या मानकातले) कोणतेही अक्षर चालेल, असा सुधारित नियम लिहिला तरी ‘कमल’ आणि ‘गगन’ पास होतात, ‘किरण’ अडकते. कारण युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त यांची गणना अक्षरांत नसून चिन्हांत होते. नियमात चिन्हांचा वर्ग वेगळा घालावा लागतो. लांबीचेही तसेच. ‘क्षितिजा’ वाचताना तीन अक्षरे दिसतात, रुबी आठ मोजते. रोमन नावे डोळ्यांसमोर ठेवून घातलेली मर्यादा अशा नावांना लवकर तोकडी पडते. आपल्याच भाषेतले आपले नाव ‘अवैध’ ठरणे हा वापरणाऱ्याचा अपमान आहे, आणि तो पूर्णपणे टाळता येतो.

‘कऱ्हाड’सारख्या शब्दात एकमेवतेची तपासणीही चकते. त्यातला ‘ऱ’ एका कोडने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडूनही. काही कीबोर्ड मात्र ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून हाच आकार काढतात. वाचणाऱ्याला शब्द एकच दिसतो, साध्या तुलनेत तो तीन वेगळे शब्द ठरू शकतो. रेल्स ७.१ मध्ये आलेल्या ‘नॉर्मलाइझेस’ या सोयीतून युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी कोडरूपे एका ठरलेल्या रूपात आणणे) लावले की पहिली दोन रूपे एक होतात. तिसऱ्यासाठी बदलाची ओळ प्रोग्रॅमरला स्वतः लिहावी लागते.