नागपूरचा डिसेंबर: आमदाराची वर्षअखेर आणि तिच्यामागचा सत्तर वर्षांचा इतिहास

हिवाळी अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की विदर्भातल्या आमदारांच्या कार्यालयांत एकच धांदल उडते. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे असते ते, तर काही आठवडे आधीच पाठवावे लागतात. मग लक्षवेधी सूचनांचे मसुदे, औचित्याचे मुद्दे आणि गावोगावहून आलेल्या निवेदनांचे गठ्ठे. त्यांतले विषय वर्षानुवर्षे तेच असतात: धानाचा बोनस, कापूस खरेदी केंद्रे, संत्र्याची फळगळ, रखडलेले कालवे, वनहक्काचे पट्टे, रिक्त पदे. सरकारे बदलली, पक्ष फुटले, आमदार बदलले, तरी यादी फारशी हलली नाही. ती आजच्या राजकारणातून आलेलीच नाही. तिचे मूळ 1953 सालच्या एका करारात आहे.

नागपूर ही मुळात राजधानी. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून ती राजधानी होती आणि स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाचा कारभारही 1956 पर्यंत इथूनच चालला. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही मागणी जोर धरू लागली, तेव्हा विदर्भातल्या अनेकांच्या मनात धाकधूक होती: मुंबई-पुण्याच्या सावलीत आपले काय होणार? ती दूर करण्याचा एक प्रयत्न 1947 च्या अकोला कराराने केला. दुसरा, अधिक ठोस प्रयत्न म्हणजे 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे अशा नेत्यांच्या त्यावर सह्या आहेत. करारात अकरा कलमे होती. निधीचे न्याय्य वाटप, लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या आणि उच्च शिक्षणात जागा यांबरोबरच सरकारने दरवर्षी ठरावीक काळ अधिकृतपणे नागपुरात यावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन इथे भरवावे, असे त्यात लिहिलेले आहे.

पुढे राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, पण ती मानली गेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरचे राजधानीपण संपले. त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने 371(2) हे कलम आले. विकास मंडळे आणि निधीचे समन्यायी वाटप त्यात आहे. नागपूरच्या अधिवेशनाचा मात्र त्यात उल्लेख नाही. ते केवळ दिलेल्या शब्दावर उभे आहे, आणि म्हणूनच तो शब्द पाळला जातो की नाही याकडे इथली माणसे इतक्या बारकाईने पाहतात. महाराष्ट्र राज्य झाल्यावर नोव्हेंबर 1960 मध्ये पहिले नागपूर अधिवेशन भरले. तेव्हापासून हिवाळ्यात मुंबईचे मंत्रालय फायलींसह सिव्हिल लाइन्समध्ये उतरते. रामगिरीवर मुख्यमंत्री, रविभवनात मंत्री आणि आमदार निवासात आमदार व त्यांच्या मतदारसंघातून आलेली माणसे अशी व्यवस्था लागते. आमदार निवासाच्या एकेका खोलीत सतरंज्या टाकून दहाबारा जण झोपलेले असतात. त्यांतले बहुतेक जण आपले एखादे काम मार्गी लागावे म्हणून एसटीने आलेले असतात.

अधिवेशन म्हटले की मोर्चे आलेच. यशवंत स्टेडियमवरून निघायचे, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला किंवा टेकडी रोडला अडवले जायचे, शिष्टमंडळाने आत जाऊन निवेदन द्यायचे, हा क्रम नागपूरकरांना पाठ आहे. या क्रमातला सर्वांत काळा दिवस 23 नोव्हेंबर 1994 हा. गोवारी हा गुरे राखणारा समाज. आपल्याला अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात एवढीच त्यांची मागणी होती. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून हजारो माणसे आली, बायका लेकरांना कडेवर घेऊन आल्या. सरकारकडून कुणी भेटायला येईल म्हणून सगळे संध्याकाळपर्यंत ताटकळले. मग चेंगराचेंगरी झाली आणि 114 जणांचे प्राण गेले. मृतांत बायका आणि मुलेच अधिक होती. भेटीला कुणी वेळेवर आले असते तर हे टळले असते, असे मला आजही वाटते. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज आदिवासी गोवारी शहीदांचे नाव आहे आणि दर 23 नोव्हेंबरला स्मारकापाशी गावोगावचे लोक येऊन फुले वाहतात. मागणीचे म्हणाल तर 2018 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पूर्व विदर्भातल्या आमदाराच्या यादीत हा विषय अजून आहे तो यामुळे.

यादीतला दुसरा जुना शब्द ‘अनुशेष’, म्हणजे इतर विभागांच्या तुलनेत विकासात राहिलेली तूट. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1984 मध्ये राज्यातल्या विभागांची तुलना करून मागासलेपणाला पहिल्यांदा आकडा दिला: एकूण 3,186 कोटी रुपये. त्यात सिंचनाचा वाटा मोठा होता. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि निधी वाटपाबाबत निर्देश देण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे आली. 2013 मध्ये प्रादेशिक असमतोलावरचा केळकर समितीचा अहवाल आला. मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो सप्टेंबर 2022 मध्ये, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ गेल्यावर. अनुशेष म्हणजे काय हे पाहायचे तर भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर जावे. तिथल्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाले, तेव्हा मूळ अंदाज 372 कोटींचा होता. 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च हजारो कोटींत गेला. भूमिपूजनाला बापाच्या खांद्यावर बसून आलेली पोरे आज चाळिशीच्या घरात आहेत आणि कालव्याच्या पाण्याचा प्रश्न आमदाराला तीच विचारतात.

हे सगळे डिसेंबरातच का उफाळते, याला अर्थसंकल्पाचेही कारण आहे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पापेक्षा जादा लागणाऱ्या खर्चाच्या मागण्या, मंजूर होतात. 2023 मध्ये त्या 55 हजार कोटींच्या वर होत्या, 2024 मध्ये सुमारे 35 हजार 788 कोटींच्या. आपल्या तालुक्यातला पूल किंवा ग्रामीण रुग्णालयाची इमारत या मागण्यांच्या पुस्तकात आली तर मार्चच्या आत कार्यारंभ आदेश निघण्याची आशा असते. आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी आहे. त्यात सभामंडप आणि गल्लीतले काँक्रीटचे रस्ते होतात, कालवे होत नाहीत. धान उत्पादकांच्या बोनसची घोषणाही नागपुरातच ऐकायची, असा आता पायंडा पडल्यासारखा आहे. डिसेंबर 2022 मध्ये हेक्टरी 15 हजार आणि पुढच्या वर्षी हेक्टरी 20 हजार, कमाल दोन हेक्टरपर्यंत, असे जाहीर झाले ते इथल्याच सभागृहात.

पण हे बोलायला दिवस किती मिळतात? करोनामुळे 2020 आणि 2021 ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. पहिले तर दोनच दिवसांचे होते. 2022 मध्ये 19 ते 30 डिसेंबर, 2023 मध्ये 7 ते 20 डिसेंबर आणि 2024 मध्ये 16 ते 21 डिसेंबर. शोकप्रस्ताव, सुट्ट्या आणि गोंधळात गेलेले तास वजा केले तर विदर्भाच्या चर्चेला उरतो तो शेवटचा दिवस. तोवर निम्मे सदस्य परतीच्या विमानात असतात. माझ्या मते करारातल्या ‘ठरावीक काळ’ या शब्दांना सहा दिवसांत बसवणे हे कराराला धरून नाही.

सभागृहाबाहेर डिसेंबरचे स्वतःचे पंचांग आहे आणि इथला आमदार त्यातून सुटत नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या गाड्या विदर्भातूनच भरून निघतात, म्हणून अधिवेशन बहुधा ती तारीख उलटल्यावर सुरू होते. 20 डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. 1956 मध्ये अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी अमरावतीच्या गाडगेनगरात समाधीपाशी गर्दी होते आणि गावागावांत पोरे खराटे घेऊन चौक झाडतात. 25 तारखेला नागपूरच्या सदरमधल्या कॅथेड्रलांत नाताळची प्रार्थना असते आणि त्याच दिवशी वस्त्यावस्त्यांतल्या बुद्धविहारांत 1927 च्या मनुस्मृती दहनाचे स्मरण होते. 27 डिसेंबर डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते विद्यापीठही मागून नाही मिळाले. 1967 मध्ये आंदोलन झाले, गोळीबारात माणसे गेली, आणि 1969 मध्ये विद्यापीठ उभे राहिले. या जयंतीच्या सुमारास तिथे कृषी प्रदर्शन भरते. वाण पाहायला आलेला शेतकरी तिथे आमदाराला गाठतो आणि बोंडअळीच्या नुकसानभरपाईचे काय झाले ते विचारतो. शेतांवर हुरडा निघालेला असतो. तिथल्या शेकोटीभोवती अधिवेशनात कोण काय बोलले याची उजळणी होते आणि ती वर्तमानपत्रातल्या बातमीपेक्षा अधिक नेमकी असते.

1 जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन आलेली मंडळी परतली की आमदाराला जिल्हा नियोजन समितीचे वेध लागतात. पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा जानेवारीत ठरतो, मग राज्यस्तरीय बैठक होते. नागपुरात आश्वासन मिळाले असेल तर त्याचा लेखी मागोवा घ्यायचा तो याच काळात, कारण मार्चनंतर तेच काम पुन्हा नव्या प्रस्तावापासून सुरू करावे लागते.