मूकपटातल्या नट्यांना आवाजच नव्हता?

‘बोलपट आले, नटीने तोंड उघडलं, चिरका आवाज ऐकून प्रेक्षक हसले आणि तिचं करिअर संपलं.’ हॉलिवूडबद्दलचा हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण पडद्यावर त्यांचा आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता.

पण यातल्या कितीतरी जणी व्हॉडव्हिलमधून आल्या होत्या. गाणी, नकला, नाच, कसरती असा तो मिश्र खेळ. रोज दोनदा, छोट्या थिएटरांत त्याहून जास्त वेळा. माइक नाही. गॅलरीतल्या शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवायचा. (आपल्या संगीत नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

मग कामं का आटली? वाढतं वय, संपलेले करार, १९२९ नंतरची मंदी. परक्या उच्चारांची अडचण काहींना खरंच आली. पण तो चिरका आवाज नव्हे.

पडताळायचं तर १९२६ पासूनचे बोलके लघुपट ऑनलाइन पाहा. व्हॉडव्हिलचेच कलाकार कॅमेऱ्यासमोर उभे राहून खणखणीत बोलतात, गातात. मग जिच्याबद्दल असं सांगितलं जातं, त्या नटीची चित्रपटयादी काढा आणि १९२९ ते १९३३ मधली नावं बघा. तिथे बोलपट दिसले, तर एक लावून तिचा आवाज स्वतःच ऐका.