खानदेश भिल्ल पलटण

खानदेश भिल्ल पलटण हे भिल्लांचे डोंगरी पायदळ. १८२५ मध्ये धरणगाव (आज जळगाव जिल्हा) येथे ते उभे राहिले. सातपुडा, सातमाळा आणि सह्याद्रीच्या उत्तर टोकातले घाटरस्ते, खजिन्याची ने-आण आणि पायथ्याची गावे राखणे हे त्याचे काम.

१८१८ मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे आला तेव्हा लुटालूट आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने तापीकाठची कितीतरी गावे ओस पडली होती. धुळ्याला नेमलेल्या कॅप्टन ब्रिग्जने घाटांवर चौक्या बसवल्या, डोंगरात जाणारे धान्य अडवले, काही नाईकांना, म्हणजे भिल्ल म्होरक्यांना, नेमणुका (ठरावीक रकमा) दिल्या. तेवढ्याने भागले नाही. मैदानी फौज जंगलात टिकत नसे. पावसाळा सरला की शिपाई हिवतापाने पडत, आणि तुकडी चढून जाईपर्यंत पाडा रिकामा झालेला असे.

मग १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार कुकरमुंडा, कन्नड आणि धरणगाव अशा तीन भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांच्या कारभाराचे विभाग, झाल्या. कन्नडला मेजर ओव्हान्सने जमीन, बैल आणि तगाई (सरकारी कर्ज) देऊन शेतवसाहती वसवल्या. पलटण धरणगावच्या लेफ्टनंट जेम्स औट्रमकडे आली. त्याचे वय तेव्हा २२ होते.

खरी अडचण भरतीची होती. बोलावून घेऊन घात केल्याच्या कोपरगावसारख्या घटना भिल्लांच्या आठवणीत ताज्या होत्या. पलटणीत घेतात ते ओळीने उभे करून मारण्यासाठीच, अशी वदंता पसरली होती. औट्रम पहाऱ्याशिवाय नाईकांच्या पाड्यांत जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर प्यायला, शिकार खेळला. सुरुवातीला जेमतेम पाच जण तयार झाले. विश्वास आधी आणि कवायत नंतर, हा क्रम पाळला म्हणूनच पलटण जमली. त्याच्या मूळच्या २३ व्या पलटणीतल्या उच्चवर्णीय शिपायांनी मालेगावच्या छावणीत या भिल्लांना बरोबरीने वागवले. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

रचना नेहमीच्या पायदळासारखीच: वर मोजके गोरे अधिकारी, खाली सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, शिपाई. हत्यार मात्र नवखे. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीसाठी काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, थोडी दारू रंजकात (ठिणगी पडते त्या खोलगट पाळीत) टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी घालून गजाने ठासायची. पावसात रंजकातली दारू ओली झाली की ठिणगी पडूनही बार उडत नसे. भिल्लांच्या कामठ्याला (धनुष्याला) बांबूच्या चिपेची दोरी असते, त्याला ही अडचण नाही. पलटणीचे खरे बळ बंदुकीत नव्हतेच. पाणी कुठे आहे, कोणती पायवाट कोणत्या खिंडीत उतरते, हे शिपायांना जन्मापासून ठाऊक होते.

त्याच ज्ञानाचा वापर आपल्याच लोकांविरुद्ध झाला, हे या इतिहासात झाकून चालणार नाही. १८३० मध्ये पलटण डांगच्या मोहिमेवर गेली. १८५७ मध्ये सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक आणि त्याच्याबरोबर भीमा नाईक हे भिल्ल म्होरके इंग्रजांविरुद्ध उठले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे त्यांच्या लोकांवर चालून गेलेल्या फौजेत ही पलटणही होती. दोन्हीकडून भिल्ल पडले. पकडलेल्या कित्येकांना लढाईनंतर गोळ्या घातल्या.

हाच नमुना पुढे मेवाडात खेरवाडा येथे (१८४१) आणि माळव्यात वापरला गेला. खानदेशची पलटण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिल्हा पोलिसांत विलीन झाली. चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला अजून औट्रम घाट म्हणतात. पलटणीतल्या भिल्ल सुभेदारांच्या नावाचा घाट मात्र खानदेशात नाही.