फ्रिजमधलं यीस्ट आणि सोलापूरचा मे महिना

मागच्या मे मधली गोष्ट. दुपारी लाईट गेली ती चार तास आलीच नाही, बाहेर त्रेचाळीस डिग्री, आम्ही सगळे फरशीवर आडवे पडलेलो, आणि फ्रिजमधून फाट् करून आवाज आला. उघडून बघतो तर एका काचेच्या बाटलीचं झाकण उडालेलं, कोथिंबिरीवर, दह्यावर, शेंगाचटणीच्या डब्यावर सगळीकडे मातकट चिकट फेस, आणि वास असा की आईने पहिलं हेच विचारलं, "दारू ठेवलास का रे आत?"

दारू नव्हती, यीस्ट होतं. चूक माझीच, झाकण गच्च लावलं होतं. फ्रिजमध्ये चार डिग्रीला यीस्ट मरत नाही, नुसतं सुस्तावतं. थंडी गेली की उरलेल्या साखरेवर परत सुरू. ग्लुकोजच्या एका रेणूमागे अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर पडतात, त्या गॅसला जायला वाट नाही मिळाली तर झाकण उडणारच. तेव्हापासून झाकण नेहमी अर्धा आटा ढिलं.

हा नाद लावला मावसभावाने. तो ऑकलंडला असतो, तिथे स्वतःला प्यायला घरी बिअर केलेली चालते. आपल्याकडे परवान्याशिवाय चालत नाही, त्यामुळे त्याचं यीस्ट बिअरमध्ये जातं आणि माझं पावात, पण जीव एकच, शास्त्रीय नाव सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात कारखान्याच्या डिस्टिलरीजवळून गेलं की मळीचा तो आंबूस उग्र वास येतो ना, ते कामही ह्याचंच. फक्त वाण वेगवेगळे. पावाचं यीस्ट बिअरला वापरलं तर बिअर होते, पण यीस्ट नीट तळाला बसत नाही, गढूळ राहते आणि चवही पावाकडे झुकते. म्हणून चांगला वाण मिळाला की बिअरवाले तो जिवापाड सांभाळतात.

सोपा प्रकार म्हणजे बिअर झाल्यावर भांड्याच्या तळाला जो दाट गाळ बसतो तो स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दोन-तीन आठवड्यांत पुढच्या खेपेला टाकायचा. आपलं विरजण तेच. पण विरजणासारखीच त्याची गोची आहे, दरवेळी थोडं काहीतरी बाहेरचं आत शिरतं, हवेतलं जंगली यीस्ट म्हणा, आंबट करणारे जिवाणू म्हणा, आणि पाच-दहा खेपांनंतर चव बदलते. दही थोडं आंबट झालं तर आपण कढी करतो, बिअरची काय कढी करणार?

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ह्या बिअर कारखान्याला हाच त्रास झाला होता, बिअर बिघडायला लागली. तिथल्या प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिश्चन हान्सेनने दाखवलं की भांड्यात एक यीस्ट नाहीच, चांगल्यात वाईट मिसळलंय. त्याने एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून सगळी प्रजा वाढवली आणि १८८३ मध्ये त्या शुद्ध यीस्टवर कारखान्यात बिअर केली. आणि कंपनीने ते दडवून नाही ठेवलं, बाकीच्या बिअरवाल्यांनाही दिलं!

हान्सेनचं काम आज स्वयंपाकघरात होतं, खोटं नाही सांगत. यीस्टला वाढायला जेलीसारखी घट्ट गादी लागते, त्यासाठी टिळक चौकातून चायना ग्रास आणलं, तेच ते अगार, खरवसासारख्या वड्या करायला वापरतात ते. प्रयोगशाळेत अगार आलं तेही स्वयंपाकघरातूनच, १८८१ च्या सुमारास जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेतल्या वॉल्टर हेसेला त्याच्या बायकोने, फॅनीने सुचवलं, कारण ती जेलीत तेच घालायची आणि उन्हाळ्यातही ती जेली पातळ व्हायची नाही. अगार साधारण ८५ डिग्रीला वितळतं पण घट्ट झालं की चाळिशीत वितळत नाही, सोलापूरसाठी ह्याहून सोयीचं काय. ४० ग्रॅम बटाटा उकडून त्याचं पाणी २०० मिली करायचं, त्यात ४ ग्रॅम ग्लुकोज पावडर आणि ३ ग्रॅम चायना ग्रास. मी थोडं जास्तच टाकतो, वड्यांचं चायना ग्रास कधी कधी नीट धरत नाही.

हे छोट्या काचेच्या बाटल्यांत अर्धं अर्धं भरून कुकरमध्ये. लॅबमधलं ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने जंतू मारायचं यंत्र, १५ पाउंड दाबाला १२१ डिग्री गाठतं, घरचा कुकरही साधारण तिथेच असतो, म्हणून शिटी झाली की गॅस बारीक करून वीस मिनिटं. मग काही बाटल्या आडव्या तिरप्या ठेवायच्या म्हणजे अगार उतारासारखं घट्ट होतं, आणि थोडं चपट्या काचेच्या वाटीत ओतून झाकायचं.

आता खरी परीक्षा. पंखा बंद. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून गॅसच्या ज्योतीशेजारी दहा मिनिटं बसायचं, घाम नाकाच्या शेंड्यावर, तो वाटीत पडला की संपलं. तार लालबुंद तापवायची, गार होऊ द्यायची, बाटलीतल्या यीस्टच्या गाळात टेकवून वाटीत एका कोपऱ्यात रेघा ओढायच्या, परत तापवायची, त्या रेघांना छेदून पुढे ओढायच्या, असं चार वेळा. प्रत्येक वेळी पेशी विरळ होत जातात आणि शेवटच्या कोपऱ्यात एकेकटी पेशी सुटी पडते. दोन दिवसांनी तिथे साईच्या रंगाचे गुळगुळीत फुगीर ठिपके दिसतात, एकेक ठिपका म्हणजे एकाच पेशीची लेकरं. लोकरीसारखं काही दिसलं की ती बुरशी, वाटी बाद. माझी पहिली तीन बाद झाली.

त्या दोन दिवसांत यीस्टला तिशीच्या आसपासचं तापमान हवं, आणि आमची खोली दुपारी चाळिशीला टेकते, तिथे ते दमतं. मी वाटी माठाला टेकून ओल्या फडक्यात ठेवतो, आपली हवा कोरडी म्हणून पाणी भराभर उडतं आणि फडकं गार राहतं. मग एक ठिपका तारेने उचलून तिरप्या बाटलीत, वाढ दिसली की फ्रिजमध्ये. काही महिने टिकतं, नंतर नव्या बाटलीत उतरवायचं.

वापरताना घाई नको. वीस लिटर बिअरला अंदाजे २०० अब्ज पेशी लागतात, म्हणून भाऊ आधी १० मिली गोड पाण्यात ठिपका सोडतो, ते फसफसलं की १०० मिलीत, मग लिटरमध्ये. पेशी दोन तासांनी दुप्पट धरल्या तरी एकीच्या चोवीस तासांत ४,०९६ होतात. थेट मोठ्या भांड्यात सोडलं तर यीस्ट वाढेपर्यंत जिवाणू जेवून मोकळे.

फ्रिज फुटल्याची गोष्ट ऐकून भाऊ म्हणाला, "काय बे, फ्रिज कशाला पाहिजे तुला, क्वाइक बघ." नॉर्वेतल्या खेड्यांत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या यीस्ट लाकडी कड्यांवर नाहीतर कापडावर वाळवून ठेवतात, त्याला क्वाइक म्हणतात, आणि त्यातले काही वाण ३५-४० डिग्रीलाही मजेत काम करतात. वाळताना यीस्ट स्वतःत ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतं, पाणी गेल्यावर तीच पेशीचं आवरण सावरून धरते. माझं यीस्ट क्वाइक नाही, पण कोरड्या हवेला आपल्याकडे काय तोटा? उकळून वाळवलेल्या सुती फडक्यावर गाळ पसरला, उन्हात नाही, सावलीत, कारण ऊन त्याला मारतं, दोन दिवसांत खडखडीत. तुकडे करून पाकिटात, पाकीट कपाटात.

दसऱ्याला एक तुकडा कोमट साखरपाण्यात टाकला. दुपारपर्यंत काहीच नाही, मी भांडं मोरीत ओतणार होतो. संध्याकाळी आई म्हणाली, "अरे हे कडेला बुडबुडे येतायत बघ."