रांजणखळगे

रांजणखळगे (कुंभगर्त) : नदीच्या खडकाळ पात्रात वाळू-गोट्यांच्या अपघर्षणाने (घासून झिजवण्याने) कोरले जाणारे गोलसर, खोल खळगे. महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण कुकडी नदीवरील निघोज (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर) येथील कुंडांचे; पलीकडच्या काठावर टाकळी हाजी (ता. शिरूर, जि. पुणे) आहे. हे स्थान ‘आशियातील सर्वांत मोठे’ असल्याचे नेहमी सांगितले जाते. मोजमापाचा निकष मात्र सोबत क्वचितच दिलेला असतो.

खळग्याची सुरुवात बहुधा खडकातील सांध्यापासून (भेगेपासून) किंवा बेसाल्ट या लाव्ह्यापासून बनलेल्या खडकातील वायुपोकळीपासून होते. तेथे पाणी भोवरा धरते व पूर आला की भोवऱ्यातील वाळू भिंत घासू लागते. तोंड लहान आणि पोट मोठे असे खळगे त्यामुळेच आढळतात. शेजारच्या दोन खळग्यांमधील भिंत झिजून फुटली की ते एकमेकांत मिळतात. असे अनेक खळगे जुळून पात्रात अरुंद, खोल घळ तयार होते.

खोदकाम नेमके कशाने होते, याविषयी मतभेद आहेत. तळाशी गरगरणारे गोटेच खडक पोखरतात, हे मत पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले. व्हिपल, हॅनकॉक व अँडरसन या भूशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये गोट्यांचा वाटा गौण ठरवून पाण्यात तरंगत जाणाऱ्या गाळाला महत्त्व दिले. गोटे अडथळ्याच्या प्रवाहासन्मुख बाजूवर आदळतात, खळगे मात्र पुष्कळदा त्याच्या मागच्या, भोवऱ्याच्या बाजूस असतात. गोटे पोहोचत नाहीत अशा उंचीवरही भिंती गुळगुळीत झालेल्या असतात, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तळ खोल करण्यात गोट्यांचा हात असणे अर्थातच शक्य आहे. स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न येथे 1872 मध्ये सापडलेल्या खळग्यांचा संबंध हिमनदीखालील पाण्याशी जोडला जातो. दख्खनमध्ये हिमनद्या नसल्याने तो प्रश्न उद्भवत नाही.

निघोजचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. खळगे त्या मानाने अगदी अलीकडचे, नदीने हे पात्र कोरल्यानंतरचे असावेत. खडकाचे वय खळग्यांना लावून टाकण्याची चूक पर्यटनविषयक लिखाणात आढळते.

दोन्ही काठांवर मळगंगा देवीची देवळे आहेत. वरच्या बाजूस माणिकडोह व येडगाव ही धरणे झाल्यापासून येथील प्रवाह बऱ्याच अंशी नियंत्रित झाला आहे.