आवाज फाटला म्हणजे स्पीकर गेला?

"बास गिटारचा आवाज फाटतोय? स्पीकर गेला, नवा टाक." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि बऱ्याचदा खोटा ठरतो. बास ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली असेल, तर आधी तिची ९ व्होल्टची बॅटरी बदला. ती उतरली की गिटारमधलाच प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं ते सर्किट, जोरात छेडलेल्या सुराचे शेंडे छाटतो. स्पीकर बिचारा मिळेल ते ऐकवतो. केबल गिटारमध्ये खोचून ठेवली की वाजवत नसतानाही बॅटरी संपते, बरं का! मग ॲम्प्लिफायरवरचा (ॲम्पवरचा) गेन, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलचा जोर, उतरवून मास्टर, म्हणजे बाहेर पडणारा एकूण आवाज, चढवा. फाटणं थांबलं, तर इनपुटलाच सिग्नल जास्त होत होता. तरीही खरखर राहिली, तर ॲम्प बंद करून स्पीकरचा कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) दोन्ही हातांनी हलकेच आत दाबा. खरवडल्यासारखं लागलं, तर मात्र पडद्यामागची तारेची कॉइल घासतेय, म्हणजे दोष स्पीकरचाच. आणि एकाच सुरावर झणझणत असेल, तर ॲम्पवर ठेवलेल्या किल्ल्या उचला.