औषधांना दाद न देणाऱ्या संसर्गांवरची जागतिक पाळत

कुठला जंतू कुठल्या अँटिबायोटिकला जुमानत नाही आणि कुठल्या देशात त्याचं प्रमाण किती, ही माहिती जगभरातून गोळा करून सरकारांपुढे ठेवायची, या कामाला एएमआर सर्व्हेलन्स म्हणतात (एएमआर म्हणजे अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स, जंतूंनी औषधांना दाद न देणं). सध्या यातलं मुख्य नाव म्हणजे ग्लास, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुरू केलेली यंत्रणा. त्याआधी कोणी काही करत नव्हतं असं मात्र नाही, युरोपचं नेटवर्क १९९८ पासूनचं, आणि डेन्मार्क तर १९९५ पासून माणसं, जनावरं आणि मांस तिन्हींवर एकत्र नजर ठेवतोय.

सगळी आकडेवारी सुरू होते लॅबमधल्या, जंतू वाढवायच्या एका प्लेटवर. पेशंटचं रक्त किंवा लघवी कल्चरला लावतात, जंतू वाढला की तो नव्या प्लेटवर पसरून वर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवतात, दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जे मोकळं वर्तुळ दिसतं ते मिलिमीटरमध्ये मोजायचं, ठरलेल्या मापापेक्षा लहान निघालं की जंतू रेझिस्टंट, म्हणजे त्या औषधाला दाद न देणारा. आता हे माप ठरवणाऱ्या संस्थांपैकी अमेरिकेची सीएलएसआय एक सांगते आणि युरोपची युकास्ट कधीकधी दुसरंच, त्यामुळे देशादेशांची तुलना करताना डोकेदुखी होतेच. रिपोर्ट साठवायला हूनेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर बऱ्याच लॅब वापरतात. आणि एकाच पेशंटच्या एकाच प्रकारच्या नमुन्यात तोच जंतू पुन्हा पुन्हा सापडला तरी तो एकदाच धरायचा, नाहीतर आयसीयूत महिनाभर असलेला एकच पेशंट अख्ख्या हॉस्पिटलची टक्केवारी फुगवेल.

खरी गोची पुढे आहे. कल्चर महाग आणि लॅब लांब असेल तर डॉक्टर आधी गोळ्या देऊन बघतात, गुण नाही आला तरच नमुना लॅबला जातो, म्हणजे मोजले जातात ते मुळातच बिघडलेले पेशंट आणि टक्केवारी दिसते अवाच्या सवा. ग्लासच्या २०२५ च्या अहवालात १०४ देशांची २०२३ ची माहिती आहे, लॅबमध्ये खात्री झालेल्या साधारण सहापैकी एका संसर्गात जंतू रेझिस्टंट निघाला. लॅबमध्ये खात्री झालेल्या, हे शब्द बातम्यांमध्ये हमखास गळतात.

मृत्यूंचे आकडे तर थेट मोजलेले नसून मॉडेलमधून काढलेले अंदाज असतात. २०१९ साठी असा अंदाज आहे की १२.७ लाख मृत्यू थेट रेझिस्टन्समुळे झाले आणि ४९.५ लाख मृत्यूंशी त्याचा काही ना काही संबंध होता, यातला दुसरा आकडा धरून संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत हे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे.

धोरण बदलल्याची उदाहरणं मोजकी असली तरी ठोस आहेत. चीनमध्ये डुकरांतल्या आणि माणसांतल्या जंतूंत कोलिस्टिनला (बाकी औषधं चालेनाशी झाली की वापरायचं अँटिबायोटिक) दाद न देण्याची ताकद देणारा जीन सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, २०१७ मध्ये तिथे वजन वाढवण्यासाठी जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन घालायला बंदी आली. सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून टायफॉइडचा असा प्रकार पसरला की सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे इंजेक्शनने द्यायचं अँटिबायोटिकही चालेना, तोंडाने घ्यायच्या औषधांत जवळपास अ‍ॅझिथ्रोमायसिनच उरलं, ते दिसल्यावर पाकिस्तानने २०१९ मध्ये टायफॉइडची नवी कॉन्ज्युगेट लस (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेली) बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात आणली, असं करणारा तो पहिला देश.